कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे

सोमवार, ३ मार्च

नोकरीचा पहिला दिवस छान गेला. सकाळी उठलो तर बाबांनी माझे बूट पॉलिश करून दाराशी ठेवले होते. चौतिसाव्या वर्षी वडिलांनी चमकवलेले बूट घालून निघताना शाळेत चालल्यासारखं वाटलं, पण नको म्हणवलं नाही. नवी नोकरी, नवी वही, आणि सहा वर्षांनी पुन्हा बाबांच्या घरातली माझी जुनी खोली. खिडकीची कडी अजून तशीच अडकते.

आमची कंपनी लोकांना नोकऱ्या मिळवून देते. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची बंद. आत लाकडी पार्टिशनचे सहा कप्पे, प्रत्येकात एक टेबल आणि दोन खुर्च्या. उमेदवाराचं शिक्षण, अनुभव वगैरे संगणकात आधीच असतं. आम्ही एकच गोष्ट विचारायची: आधीची नोकरी का सोडली, किंवा का सोडायची आहे. उत्तर पिवळ्या कागदावर लिहायचं. त्याला इथे कारणपत्रक म्हणतात. कारण उमेदवाराच्याच शब्दांत लिहायचं, त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, सही घ्यायची आणि कागद मोठ्या बाईंकडे न्यायचा. त्या गोल शिक्का मारून तो मागच्या लोखंडी कपाटात ठेवतात. एकदा शिक्का बसला की कारण बदलत नाही.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या साहेब. आवाज मऊ, नखं बारीक कापलेली, टेबलावर टाचणीसुद्धा वाकडी नाही. संगणकाच्या जमान्यात कागद कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की बटण दाबताना माणूस विचार करत नाही, सही करताना करतो. पटलं. बाजूच्या कप्प्यात एक चष्मेवाला बसतो. घुम्या आहे. काही विचारलं की उजवा कान पुढे करतो आणि जेवढ्यास तेवढं बोलतो.

मागच्या आठवड्यात मुलाखतीला गेलो तेव्हा माझंही कारणपत्रक भरलं होतं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं की वडील एकटे असतात, त्यांना हल्ली विसरायला होतं, म्हणून त्यांच्याजवळ राहायचं आहे. बाईंनी वाचून दाखवलं, मी सही ठोकली. आता गंमत अशी की बाबा जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गावातल्या निम्म्या लोकांचे जुने पाच आकडी नंबर त्यांना पाठ आहेत. अशा माणसावर मी विसरभोळेपणाचा आळ घेतला. कळलं तर कान उपटतील.

गुरुवार, ६ मार्च

या कामात मला गती आहे, हे नम्रपणे नोंदवतो. आज एक बेकरीवाला आला. मालक दिवसभर अंगावर ओरडतो म्हणून कंटाळला होता, आणि तसंच लिहा म्हणत होता. मी पेन खाली ठेवलं आणि त्याला समजावलं की जुन्या मालकाची निंदा केली की नवा मालक बिचकतो. कारण असं हवं की ज्यात कोणाचाच दोष नाही. मग दोघांनी मिळून छान कारण तयार केलं: पिठाची धूळ छातीला सोसत नाही, डॉक्टरांनी भट्टीपासून लांब राहायला सांगितलं आहे. गडी तब्येतीने पैलवान. हसत हसत सही करून गेला.

तो गेल्यावर चष्मेवाला पार्टिशनवरून वाकून म्हणाला की जे सांगतात ते लिहावं, आपण शिकवू नये. मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच. त्यावर तो चष्मा पुसत आपल्या जागी बसला.

संध्याकाळी बाबांशी नंबरांचा खेळ खेळलो. मी म्हणायचं सरकारी दवाखाना, की ते आकडे सांगणार. लाकडाची वखार, शिंपी, हेडमास्तर. सतरापैकी सतरा.

रविवार, ९ मार्च

ताईचा फोन आला. ती लांब असते, फोन दर रविवारी. तू बाबांजवळ आहेस म्हणून मला झोप लागते, असं म्हणाली. मी उगाच शेफारलो.

फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, सांगितलंस का. रोज एकदा विचारतात. मी नाही म्हणून मान हलवली की पेपर पुढे ओढतात. रागावत नाहीत, तेच जास्त लागतं.

आता लिहूनच टाकतो. जुन्या नोकरीत मी औषधांच्या गोदामात होतो. डिसेंबरात एका खेपेच्या खोक्यांवर मी चुकीची लेबलं लावली. माल भलत्याच दवाखान्यांत गेला, नशिबाने कोणाला इजा झाली नाही. चौकशी झाली तेव्हा ठपका पॅकिंगच्या मावशींवर आला. त्या टेबलावर त्या एकोणीस वर्षं बसत होत्या. त्यांचीच चूक असणार, असं सगळ्यांनी धरलं, आणि मी तोंड उघडलं नाही. मावशींना काढलं. जाताना त्यांनी त्यांचा चहाचा कप मला दिला, म्हणाल्या, ठेव, तुझा फुटलाय. महिनाभर त्यांचं रिकामं स्टूल समोर बघितलं आणि मीच राजीनामा दिला.

हे जगात एकट्या बाबांना माहीत आहे. आलो त्याच संध्याकाळी सांगितलं, मुलाखतीच्या दोन दिवस आधी. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले की तिथे जाऊन सांग, त्या बाईचं नाव धुऊन निघेल, तुझं व्हायचं ते होईल. मी हो म्हटलं होतं. पण आत्ता कुठे बस्तान बसतंय. जरा दिवस जाऊ देत.

मंगळवार, १८ मार्च

पंधरा दिवसांत चौतीस कारणपत्रकं. मोठ्या बाई म्हणाल्या की तुमची कारणं वाचायला बरी वाटतात. इथे एवढं कौतुक म्हणजे खूप झालं.

आज दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाई आल्या. चांगल्या बोलक्या. सहकारी टोमणे मारतात म्हणून नोकरी सोडायची होती. मी सुचवलं, त्यापेक्षा दवाखाना बंद होणार आहे असं सांगा, कोणी खोदून विचारत नाही. त्या जरा घुटमळल्या, तिथे तीस जण कामाला आहेत, खोटं कसं सांगू म्हणाल्या. मी म्हटलं, कागदावरच तर लिहायचं आहे, त्याने कोणाचं काय बिघडतंय. शेवटी सही करून गेल्या.

गुरुवार, २७ मार्च

बाबा आज माझे बूट पॉलिश करायला बसले आणि एकाच बुटाला चारदा पॉलिश केलं. दुसरा तसाच. मी चेष्टा केली, तेही हसले.

संध्याकाळी खेळात शिंप्याचा नंबर आठवला नाही. हेडमास्तरांचा अर्धा आठवला. मग स्वतःवरच चिडून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. कशाला आलो होतो ते आठवेना.

अजून एक गोष्ट. चार दिवस झाले, त्यांनी सांगितलंस का असं विचारलेलं नाही. आज मीच जरा चाचपून पाहिलं, मावशींचा विषय काढला. कोण मावशी, म्हणाले.

मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण क्षणभर खरंच सुटल्यासारखं वाटलं. आता ते रोजचं डोळ्याला डोळा देणं नको. मग पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. वय झालंय त्यांचं, म्हणून असेल. उद्या डॉक्टरांकडे नेतो.

बुधवार, २ एप्रिल

डॉक्टर म्हणाले वयोमान. गोळ्या दिल्या.

आज बेकरीवाला आला. नवी नोकरी लागल्याचे आभार मानायला आला होता. तीन जिने चढून आला आणि खुर्चीत बसून पाच मिनिटं नुसता धापा टाकत होता. खिशातून पंप काढून तोंडात ओढला. म्हणाला, साहेब, तुम्ही बोललात तसंच झालं बघा. पिठाची पिशवी कोणी नुसती झटकली तरी छाती भरते. मी आठवण करून दिली की ते आपण बनवून लिहिलं होतं. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते आठवत होतं, पण आता त्यावर त्याचाच विश्वास नव्हता.

दुपारी पायऱ्यांवर रिसेप्शनिस्ट बाई भेटल्या. दातांचा दवाखाना सोमवारी बंद झाला, तीसच्या तीस घरी. एवढंच सांगितलं त्यांनी. जिन्याच्या कडेला सरकल्या आणि मला जायला वाट दिली.

योगायोग असतो. असतोच की. दोन-दोन असतात.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज चष्मेवाल्याला गाठलंच. चहाच्या वेळी त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून विचारलं, इथे लिहिलेलं पुढे खरं ठरतं का. त्याने ऐकलंच नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. मग त्याला चाहूल लागली, वळला, उजवा कान पुढे केला.

सगळं सांगितलं त्याने. नऊ वर्षांपूर्वी आधीच्या ठिकाणी मारामारी करून आला होता. ते कसं सांगणार. म्हणून डावा कान कमी ऐकतो, शांत जागी काम हवं, असं सांगून सही केली. दीड महिन्यात कान गेला. तेव्हापासून तो कोणाला काही सुचवत नाही. खरं सांगितलं तर खरं लिहितो, खोटं सांगितलं तर तीनदा विचारतो की हेच लिहू ना.

मला आधी का नाही सांगितलं, म्हणून मी चिडलो. तो म्हणाला, सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात.

आणि मग त्याने विचारलं की माझ्या कागदावर काय आहे.

घरी आलो तेव्हा बाबा अंगणाच्या फाटकाशी उभे होते. कुठलं घर आपलं, ते शोधत होते. आपल्याच फाटकाशी.

सोमवार, ७ एप्रिल

बाबांना मी कधी त्यांचा धाकटा भाऊ वाटतो, कधी एक्स्चेंजमधला माणूस. नंबर सगळे गेले. तरी टेलिफोन उचलून कानाला लावतात, बोला, कोणता नंबर हवाय, म्हणतात आणि वाट बघत बसतात.

मोठ्या बाईंकडे गेलो. माझं कारण खोटं होतं, रद्द करा, म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. कपाट उघडलं, माझा पिवळा कागद बरोबर काढला, म्हणाल्या की रद्द होतं. नियम आहे. खरं कारण सांगायचं, आणि ज्याला ते कागदाच्या तारखेच्या आधीपासून माहीत होतं अशा एका माणसाने समोर येऊन ते आपल्या शब्दांत सांगायचं, सही करायची. नंतर कळलेला चालत नाही. एक सांगणारा आणि एक ओळखणारा, दोघं हवेत.

नोकरी जाईल, आणि माझ्या जुन्या ऑफिसला खरं कारण कळवणारं पत्र जाईल, हेही सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे. सगळं जाऊ दे.

मग त्यांनी विचारलं की कोणाला माहीत होतं.

एकाच माणसाला. एकाच —

बुधवार, ९ एप्रिल

सुट्टी टाकली. दोन दिवस बाबांना शिकवतोय. वीस वाक्यं नको, एकच. माझ्या मुलाने चुकीची लेबलं लावली आणि दोष दुसऱ्या बाईवर जाऊ दिला. नंबर पाठ करायचे तसं म्हणून घेतो. म्हणतात. छान म्हणतात. मग मी विचारतो, मुलगा कोण. ते खिडकीकडे बघतात.

सकाळी तिसऱ्या वेळी थांबले आणि म्हणाले, सांगितलंस का. अगदी पूर्वीच्या आवाजात. मी त्यांचे पाय धरले. बाबा, उद्या सांगतो, तुमच्यासमोरच सांगतो, फक्त उद्यापर्यंत एवढं धरून ठेवा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं की तुम्हाला कोणाकडे जायचंय.

ही बुद्धी मला महिन्यापूर्वी का नाही झाली. तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं. रोज विचारत होते.

गुरुवार, १० एप्रिल

नेलं त्यांना. मी त्यांचे बूट पॉलिश केले. बसमध्ये वाक्य चारदा बरोबर म्हणाले. तीन जिने धरून धरून चढवले.

मोठ्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी माझं खरं कारण सांगितलं, सगळं, मावशींच्या कपासकट. त्यांनी लिहून घेतलं. मग बाबांकडे वळल्या. आम्ही पाठ केलेलं विचारलंच नाही. आधी विचारलं, हे तुमचे कोण.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. त्यांना मला मदत करायची होती, ते दिसत होतं. म्हणाले, फार भला माणूस आहे हो. हात धरून आणलं मला. पण माझा कोणी नाही. मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती लांब असते.

बाई लिहीत होत्या.

मी ओरडलो, लिहू नका, त्यांना आठवत नाही, हे उत्तर नाही. त्या म्हणाल्या की साक्षीदाराच्या शब्दांतच लिहावं लागतं. वाचून दाखवलं. बरोबर आहे ना, आजोबा. बाबा म्हणाले, बरोबर. मी कागद ओढायला गेलो तर चष्मेवाल्याने मागून धरलं. रडत होता. तरी सोडलं नाही.

बाबांची सही मात्र पूर्वीसारखीच. एकही अक्षर हललं नाही.

शिक्का.

शुक्रवार, ११ एप्रिल

बाबांनी दार आतून लावून घेतलंय. खिडकीतून म्हणाले, नोकरीच्या चौकशीला आलात का, ते ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. पत्तासुद्धा बरोबर सांगितला. त्यांना आता सगळं आठवतंय. मी शिंपी म्हटलं, त्यांनी आकडे सांगितले. हेडमास्तर. वखार. सतरापैकी सतरा. बोलताना हसत होते. बरे झालेत ते.

खिडकीची कडी नवी आहे. माझ्या खोलीत शिवणयंत्र.

ताईला फोन केला. ती म्हणाली, मी एकुलती एक आहे. रागावली नाही. राँग नंबर, म्हणाली.

ऑफिसात चष्मेवाल्याने समोरची खुर्ची दाखवली. आधीची नोकरी का सोडली, म्हणून विचारलं. तीनदा विचारलं. माझ्या तोंडून नाव निघेना. कारण नाही, नाव. सहीच्या जागी पेन टेकवलं तर शाई उतरत नाही. या वहीत उतरते. अजून.

शनिवार, १२ एप्रिल

पहाटेची बस. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही. माझ्याच सीटवर एक जण बसायला आला, मी उठलो.

विचार केला तो असा. मी नव्हतोच, तर लेबलं कोणी लावली. मग ती चूक मावशींचीच राहणार, कायमची. बाबा बरे झाले, ते ठीक. पण मावशी —

निदान एक तरी माणूस. एकाला कळलं तरी —

आरशात बघत नाही.

मावशींचं घर. दुसरा मजला. दाराशी उभा आहे. बेल वाजवली, वाजली. आतून पावलं येताहेत. आवाज फुटत नाही, म्हणून इथे लिहितो, दार उघडलं की वही त्यांच्या हातात देईन. कप पिशवीत होता. आता पिशवी हलकी लागतेय —

कडी काढताहेत.

मावशी, ती लेबलं तुम्ही नव्हती लावली. तुमचा काही दोष नव्हता. ती लावली